जहाज दिसेल एवढीच इटली

सनक्रीमचा वास आला की इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलचं आमचं जुनं किचन आठवतं. तिथं क्रूझची बॅग भरता भरता नवरा म्हणाला, "इटलीत उतरलो की ट्रेनने रोम करून येऊ." आमचे भारतीय पासपोर्ट जहाजावर जमा राहणार. पोरांपायी उशीर झाला आणि जहाज सुटलं तर? "जहाज दिसेल तिथंच बसायचं," मी ठणकावलं. तसेच बसलो, बंदरातल्या बाकावर, तिखटमिठाच्या पुऱ्या खात. एवढ्यात भोंगा वाजला. धाकट्याला काखोटीला मारून, थोरलीला ओढत मी धावत सुटले. "अगं, ते आपलं जहाज नाही!" नवरा मागून ओरडत होता. आता पासपोर्ट ब्रिटिश आहे. तरी कुठल्याही बंदरात मी गावाकडे पाठ आणि जहाजाकडे तोंड करूनच बसते.