आतली जाळी आणि बाहेरचा डबा

उमाजी बिरादारांना झाकलेली वस्तू बघवत नसे. भात शिजत असताना ते तीनदा पातेल्यावरचं झाकण उचलत, त्यामुळे हैदराबादच्या चिक्कडपल्लीतल्या त्यांच्या घरात भाताला कायम थोडी कणी राहायची. भिंतीवरचं घड्याळ ते वर्षातून एकदा विनाकारण खोलायचे. एकदा तर उत्तम चालणारा मिक्सर त्यांनी रविवारी सकाळी वर्तमानपत्रावर उलगडून ठेवला, आणि त्या दिवशीच्या डोशांना चटणी मिळाली नाही.

त्यांची बायको तारामती टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली. आयुष्यभर दुसऱ्यांचं बोलणं जोडून दिल्यामुळे तिचं स्वतःचं बोलणं मोजकं आणि नेमकं होतं.

"चालणारी वस्तू खोलून पुन्हा तशीच चालती ठेवण्यात काय कौशल्य आहे, ते मला जरा समजवा," ती म्हणाली.

"अगं, आत काय चाललंय ते कळायला नको?"

"चौतीस वर्षं झाली, तुमच्या आत काय चाललंय ते मला कळलेलं नाही. म्हणून मी तुम्हाला खोललं का?"

उमाजींनी मिक्सर जोडला.

बिरादार मूळचे उदगीरकडचे. उमाजींचे वडील शेती भावांवर सोपवून हैदराबादला आले आणि इथलेच झाले. उमाजी इथेच शिकले, इथेच आयटीआय झाले आणि पुढे बावीस वर्षं एका क्रेनच्या कंपनीत राहिले. त्या क्रेन ऑटोमॅटिक गेअरच्या होत्या. ट्रकच्या साध्या गेअरबॉक्सचे मिस्त्री शहरात पोत्यानं मिळतात, पण ऑटोमॅटिक गेअरबॉक्स खोलून धडपणे पुन्हा जोडू शकणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यांतलं एक बोट उमाजींचं, असं ते स्वतःच सांगत. नोकरी सुटल्यावर त्यांनी ऑटोनगरात स्वतःची शेड टाकली. घरी मराठी, शेडमध्ये दखनी, गिऱ्हाइकाशी त्याला कळेल ती भाषा. आणि गेअरबॉक्सशी बोलायचं झालं तर तेलुगूत, कारण शिव्या त्यांना तेलुगूत जास्त भरदार वाटत.

याच शेडमध्ये एके दिवशी मृण्मयी आली. पुण्याची मुलगी, सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी, विद्यानगरला घर. तिनं आणि तिच्या ऑफिसातल्या चौघांनी मिळून शाळांसाठी एक फिरती प्रयोगशाळा काढली होती. दुर्बिणी, सूक्ष्मदर्शक, चुंबकं, परीक्षानळ्या असं सगळं एका ट्रकमध्ये बसवलेलं. ट्रक त्यांनी लिलावात घेतला होता. पूर्वी तो एका विमानतळावर प्रवाशांचं जेवण विमानापर्यंत पोचवायचा. त्याचं अर्धं आयुष्य भिंतीच्या आत, गुळगुळीत रस्त्यावर, ताशी वीसच्या वेगानं गेलेलं. स्पीडब्रेकर काय चीज असते हे त्याला हैदराबादच्या गल्ल्यांत आल्यावर कळलं.

ट्रकचा ड्रायव्हर यादगिरी नलगोंड्याचा. तो उतरला आणि म्हणाला, "साब, गाडी अच्छी है. बस जरा नाजूक है."

मृण्मयीनं ट्रकच्या ऑटोमॅटिक गेअरबॉक्सची पहिली सर्व्हिस करून घ्यायची ठरवलं होती, आणि येताना ती पुष्कळ वाचून आली होती. "काका, याला सध्या आतच फिल्टर आहे. मला बाहेरून लावायचा फिल्टर हवाय. डब्यासारखा असतो ना, फिरवून काढायचा, नवा फिरवून बसवायचा. दहा मिनिटांचं काम. आतला बदलायचा म्हणजे दर वेळी सगळं ऑइल सांडा, खालचं ऑइलचं भांडं, तो चेंबर, उतरवा."

"मॅडम," उमाजी म्हणाले, "कंपनीनं फिल्टर आत ठेवला, तो उगाच का? आत त्याला ना दगड लागतो, ना कुणाचा हात. तुम्ही बाहेर डबा लटकवणार. मग त्याला दोन पाइप, चार जोड. जितके जोड तितक्या गळायच्या जागा."

"पण बाहेरचा फिल्टर जास्त बारीक गाळतो."

"गाळत असेल. आत काय गाळलं ते दिसतं का? बंद डबा. काढला, फेकला. चेंबर उतरवला की सगळं समोर असतं. तळाशी चुंबक असतं, त्यावर राखेसारखी पूड असेल तर गेअरबॉक्सची तब्येत ठीक. चमकणारे कण असले तर काहीतरी झिजतंय. हे मला बघायला मिळालं पाहिजे."

शेवटचं वाक्य खरं कारण होतं. मृण्मयीच्या ते लक्षात आलं की नाही कोण जाणे, पण तिनं वाद वाढवला नाही. ज्याच्या हातात पाना आहे त्याचं ऐकावं, असं तिला वाटलं असावं. फिल्टर आतलाच राहिला.

मग सुरू झालं उमाजींचं बघणं. खरं तर तो चेंबर वर्षा-दीड वर्षातून एकदा उतरवला तरी पुरला असता. पण हा विमानतळावरून आलेला देखणा गेअरबॉक्स त्यांना असा आवडला, की दर दोन महिन्यांनी ते यादगिरीला बोलावून घेत. चेंबर उतरवायचा, चुंबक बोटानं पुसायचं, पूड उन्हात धरून बघायची, फिल्टरची जाळी तिथंच राहू द्यायची, समाधानानं मान हलवायची आणि चेंबर परत बसवायचा. बसवताना पॅकिंगवर निळं सिलिकॉन भरपूर लावायचं. सिलिकॉनच्या बाबतीत उमाजींचा हात सढळ होता. गळण्यापेक्षा चार बोटं जास्त बरं, असं त्यांचं मत. यादगिरी बाकावर चहा पीत बसे आणि म्हणे, "साब, मेरे पेट का भी इत्ता चेकअप नई हुआ कभी."

असं वर्षभर चाललं. मग जामबागेतल्या एका जुन्या मराठी शाळेत विज्ञान दिवस ठरला.

त्या सकाळी अकराला उमाजींचा फोन वाजला. "साब, गाडी हिलरी नई," यादगिरी म्हणाला. "रेस दिये तो बस आवाज करती. दस मिनट ठैरे तो थोडा चलती, फिर रुक जाती."

उमाजी स्कूटरवर हत्यारं बांधून निघाले. शाळेच्या फाटकातून आत चढायला छोटासा उतार होता, आणि ट्रक त्या उतारावर निम्मा आत, निम्मा रस्त्यावर असा अडकून बसलेला. मागे रिक्षांचे हॉर्न, पुढे सातवीचा अख्खा वर्ग. उमाजींनी इंजिन बंद करायला लावलं, पाव तास थांबले, आणि यादगिरीनं पुन्हा चालू केल्यावर ट्रक कसाबसा मैदानाच्या सपाट कोपऱ्यापर्यंत गेला. तिथं त्यानं पुन्हा मान टाकली.

थांबलं की चालतो, चाललं की थांबतो. उमाजींना लक्षण ओळखू आलं. आतल्या जाळीवर काहीतरी येऊन बसत होतं. पंप ऑइल ओढायला लागला की ते जाळीला चिकटायचं, बंद केलं की खाली पडायचं.

"इथंच खोलावं लागेल," ते म्हणाले.

मुख्याध्यापक नामदेवराव हौशी गृहस्थ होते. विज्ञान दिवस बुडाला असं त्यांना मुळीच वाटलं नाही. त्यांनी सातवीला झाडाखाली ओळीनं बसवलं आणि जाहीर केलं, "आजचा पहिला प्रयोग आपले पाहुणे बिरादार करतील."

आयुष्यात उमाजींनी शेकडो चेंबर उतरवले होते, पण त्रेचाळीस मुलांसमोर एकही नाही. ऑइल निवेपर्यंत त्यांना बोलणं भाग पडलं. इंजिनाची ताकद चाकापर्यंत कशी जाते, ऑइल काय करतं, ते गाळून का घ्यावं लागतं, हे त्यांनी आधी चाचरत आणि मग रंगात येऊन सांगितलं. गाळणी आतच का असावी यावरही ते पाच मिनिटं बोलले. मृण्मयी मुलांच्या मागे हाताची घडी घालून उभी होती.

मग खाली ताडपत्री आणि टब ठेवून त्यांनी ऑइल काढलं, बोल्ट सैल केले, चेंबर उतरवला. मुलांना दाखवायला म्हणून ते जाळी हातात घेऊन वळले.

जाळीच्या तोंडाशी निळे तुकडे अडकले होते. रबरासारखे, शेवयांएवढे. काही लांब, काही आखूड.

"काका, ते निळं काय आहे?" पहिल्या रांगेतल्या एका मुलीनं विचारलं. तिचं नाव त्रिवेणी होतं, हे नंतर सगळ्यांना कळलं, कारण ती प्रश्न विचारायचं थांबेचना.

"कचरा आहे," उमाजी म्हणाले.

"कसला कचरा?"

"बाहेरून आलेला."

"पण तुम्ही म्हणालात आत काहीच जात नाही. मग तो गेला कुठून?"

नामदेवरावांचा चेहरा फुलला. असे प्रश्न विचारणारी मुलगी पाहुण्यांसमोर दिसावी, यासाठीच ते शाळा चालवत होते. त्यांनी चिमट्यानं एक तुकडा उचलला, ट्रकमधल्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि मुलांची रांग लावली. एकानं ते प्लॅस्टिक ठरवलं, दुसऱ्यानं च्युइंगगम. त्रिवेणीनं डोळा बराच वेळ लावून ठेवला आणि म्हणाली, "याची एक बाजू सपाट आहे. म्हणजे हे कशाला तरी चिकटलेलं होतं."

यादगिरीनं उमाजींकडे पाहिलं. मग उमाजींच्या हत्यारांच्या पेटीत वरच पडलेल्या निळ्या ट्यूबकडे पाहिलं. मग तो आभाळाकडे बघायला लागला.

उमाजींना काहीही सांगता आलं असतं. मृण्मयी नवखी होती, मुलं लहान होती आणि यादगिरी तोंड उघडणाऱ्यांतला नव्हता. पण चार पावलांवर सूक्ष्मदर्शकाशी वाकलेली ती मुलगी त्यांना दिसत होती, आणि ती चुकीचं काही शिकून जाईल हे काही त्यांना पटेना.

"ते माझं आहे," ते म्हणाले. "चेंबर बसवताना मी हे सिलिकॉन लावतो. जास्त लावलं की आतल्या बाजूला ओघळतं, सुकतं, तुटतं आणि ऑइलमध्ये पडतं. दर दोन महिन्यांनी मी उघडत होतो. उघडायची काही गरज नव्हती."

"मग का उघडत होता?" त्रिवेणीनं विचारलं.

"बघायला," उमाजी म्हणाले.

हे उत्तर सातवीला पूर्णपणे पटलं. मृण्मयी पहिल्यांदा हसली.

जाळी धुऊन, चेंबर स्वच्छ पुसून, सिलिकॉनची ट्यूब पेटीत बंदच ठेवून, नुसत्या नव्या पॅकिंगवर त्यांनी चेंबर बसवला. यादगिरी ऑइलचे डबे घेऊन आला. दुपारी ट्रक उतारावरून दोनदा खाली-वर गेला आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या.

घरी उमाजींनी सगळं तारामतीला सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्रेचाळीस मुलांसमोर?"

"हौ."

"बरं झालं. माझ्या एकटीसमोर तुम्ही मान्य केलं नसतं."

पुढच्या आठवड्यात त्यांनीच मृण्मयीला फोन केला. "मॅडम, बाहेरचा लावू. पण आतली जाळी काढायची नाही. ती पंपाची राखण करते, जाडं काही आलं तर अडवते. बारीक कण बाहेरचा डबा धरेल. चेंबर मी आता दोन वर्षं उघडणार नाही."

डबा त्यांनी चासीच्या आतल्या बाजूला, उंचावर बसवला आणि खाली पत्र्याची ढाल ठोकली, म्हणजे दगड लागायला नको. गळायच्या चारही जागा त्यांनी तीन-तीनदा तपासल्या. कुठं थेंब नाही. मृण्मयी खूश होती. पहिला फिल्टर मीच बदलणार, असं तिनं सांगून ठेवलं. तिनं त्याचे व्हिडिओही बघून ठेवले होते.

पाच महिन्यांनी एका सकाळी तिचा फोन आला. आवाज जरा बारीक होता. "काका, विद्यानगरला येता का? मी फिल्टर बदलला. अगदी दहा मिनिटांत बदलला. पण गल्लीत लाल ऑइलची रांगोळी झालीय. शेजारचे प्रतापराव विचारतायत, ट्रकनं कुणाला उडवलं का म्हणून."

उमाजी गेले. प्रतापराव गेटाशी उभे राहून दुरून सल्ले देत होते. उमाजींनी डबा फिरवून काढला आणि तो बसतो त्या जागेवरून बोट फिरवलं. जुन्या फिल्टरची रबरी रिंग वरच चिकटून राहिली होती, आणि तिच्यावर नव्याची रिंग बसवलेली. दोन रिंगा एकमेकींवर धड बसत नाहीत, दाब आला की ऑइल मधून वाट काढतं.

त्यांनी जुनी रिंग सोलून काढली आणि मृण्मयीच्या तळहातावर ठेवली. ती लाजली. उमाजी काहीच बोलले नाहीत, आणि ते गप्प बसणं त्यांना किती जड जातंय हे त्यांच्या मिशीवरून स्पष्ट दिसत होतं.

"बोला ना काका," ती शेवटी म्हणाली.

"काही नाही. त्या त्रिवेणीला बोलवायचं का, असा विचार करत होतो."

दोघंही मग बराच वेळ हसत राहिले. प्रतापरावांना कारण कळलं नाही, पण तेही हसले.

काढलेला जुना डबा फेकायला ती निघाली, तेव्हा उमाजींनी तो मागून घेतला. शेडमध्ये नेऊन, पत्रा कापायच्या कातरीनं त्यांनी तो उभा चिरला. आत घडीघडीचा कागद होता. तो त्यांनी हळूच ओढून बाकावर पसरला, तर हातभर लांब झाला. घड्यांच्या खाचांत बारीक करडी पूड बसलेली, चुंबकावर असायची त्याहून कितीतरी जास्त. ते अर्धा तास ती बघत बसले. चहा निवला.

हा कागद त्यांनी नामदेवरावांच्या शाळेत नेला. आता महिन्यातल्या एका गुरुवारी ते जामबागेला जातात, कापलेला काहीतरी भाग घेऊन. कधी पंप, कधी क्लचची झिजलेली चकती. त्रिवेणी आता आठवीत आहे आणि तिचे प्रश्न वाढले आहेत, त्यामुळे बुधवारी ते थोडी तयारी करतात.

शेडमध्ये कुणी नवा ट्रकवाला आला आणि आतला बरा की बाहेरचा असं विचारू लागला, तर पूर्वीसारखं ते लगेच उत्तर देत नाहीत. गाडी कुठल्या रस्त्यानं जाते, वजन किती, फिल्टर बदलणार कोण, हे आधी विचारतात. परवा एक खडीवाला आला होता. त्याची गाडी दिवसभर दगडांतून चालते आणि तो स्वतः वर्षातून एकदाच तोंड दाखवतो, एरवी फोनही उचलत नाही. त्याला त्यांनी आतलाच ठेवायला सांगितलं. तो म्हणाला, "पण उस मॅडम की गाडी को तो बाहर भी लगाए ना?"

"लगाए," उमाजी म्हणाले. "वो मॅडम फोन उठाती."