अंदमानच्या पत्रकातली शेवटची ओळ

मी पत्रकं लिहायचो. पाणीपट्टीच्या विरोधात, बुवाबाजीच्या विरोधात, मिळेल त्याच्या विरोधात. माझ्या भाषेला धार आहे असं लोक म्हणत आणि मला ते फार आवडायचं. दोन हजार सालानंतरच्या एका वर्षी कोल्हापुरातल्या एका सहलवाल्याने मला बोलावलं, ते याच कारणाने. चाळीस माणसं तो पहिल्यांदाच अंदमानला नेणार होता, बहुतेक सगळी निवृत्त. त्यांच्या हातात द्यायला सूचनापत्रक हवं होतं.

त्या चाळिसांत माझी आत्या होती. गडहिंग्लजला शाळेत शिकवून निवृत्त झालेली, एकटी राहणारी. रोज सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन टोचून घेणारी.

म्हणून मी मन लावून लिहिलं. तिकडे नोकरी करून आलेल्या एका फौजीला गाठून विचारलं. प्रवाळावर अनवाणी उतरू नका, पाय चिरतो. अंधार आपल्याकडच्यापेक्षा लवकर पडतो, पाचच्या आत किनारा सोडा. मोबाइलच्या भरवशावर राहू नका, घरचे नंबर कागदावर लिहून ठेवा. आणि वारा सुटला की लहान बेटांच्या बोटी बंद होतात, कधी एक दिवस, कधी तीन. तेव्हा सगळं औषध हातातल्या पिशवीत ठेवा, हॉटेलवर सोडू नका.

ही शेवटची सूचना सहलवाल्याने लाल पेनाने उडवली.

"कार्यकर्ते, ही सहल हाय, मोर्चा न्हाय. बोटी बंद पडतात म्हटल्यावर कोण येणार?"

"पण खरं आहे ते."

"खरं असू दे की! छापायचं कशाला?"

माझं डोकं फिरलं. त्याच रात्री स्वतःचं पत्रक लिहून काढलं, ओळखीच्या छापखान्यातून पाठपोट छापून घेतलं आणि निघायच्या दिवशी स्टेशनवर वाटत उभा राहिलो. वर जाड टायपात मथळा: 'प्रवाशांनो, तुमच्यापासून काय लपवलं जातंय?'

"पावणं, कुठल्या पक्षाचं?" भडंगाचा डबा सांभाळत एक गृहस्थ म्हणाले. त्यांनी घडी घालून तो कागद डब्याच्या झाकणाखाली सारला.

आत्याने चार ओळी वाचल्या आणि तिचा चेहरा उतरला.

"लेका, ज्याच्या जिवावर मी एवढ्या लांब निघालोय, त्यालाच चोर म्हणतोस व्हय? चार बायका हायत माझ्याबरोबर. लाज आणलीस."

"आत्या, पूर्ण वाच."

"वाचतो की. जा आता."

नवव्या दिवशी भडंगवाल्यांच्या मुलाकडून कळलं की मंडळी एका मुक्कामासाठी लहान बेटावर गेली आणि बोटी बंद झाल्या. दोन दिवस झाले होते. मी सायकल काढली आणि सहलवाल्याच्या ऑफिसात घुसलो.

"काही काळजी न्हाय," तो उठून म्हणाला. "राहायची, जेवायची सगळी सोय हाय."

"आत्याचं इन्सुलिन कुठं आहे?"

त्याने मग फोन फिरवला, पोर्ट ब्लेअरच्या हॉटेलवर. फ्रिजमध्ये तिच्या नावाची चिठ्ठी लावलेल्या दोन बाटल्या होत्या. हॉटेलवाल्याने सांगितलं, एकाच रात्रीचा प्रश्न म्हणून तिने दोन सिरिंज भरून थर्मासात नेल्या होत्या. त्या केव्हाच संपल्या असणार.

"ती ओळ तुम्ही उडवली," मी म्हणालो. तो बेटावरच्या लॉजचा नंबर फिरवत राहिला. लागेना. पुन्हा फिरवला. पंख्याखाली त्याची मान घामाने भिजली होती. मी टेबलाची कड धरून उभा होतो आणि डोक्यात, खोटं कशाला सांगू, पुढच्या पत्रकाचा मथळा तयार होत होता. त्याची शरम आजही वाटते.

तासाभराने लाइन लागली. मॅनेजर हिंदीत म्हणाला, त्या मॅडमना सकाळी चक्कर आली होती, सरकारी दवाखान्यात नेलं, तिथे इन्सुलिन मिळालं. आता बसल्यात इथेच.

मग तिचा आवाज आला, बारीक.

"बरी हाय मी. समुद्र बघालोय, काय करणार दुसरं."

"आत्या, पत्रकात लिहिलं होतं ना मी! औषध हातात ठेवा म्हणून!"

"काल वाचलं. पडल्या पडल्या." थोडा दम घेतला तिने. "पयलं पान भरून त्या माणसाच्या सात पिढ्यांचा उद्धार केलायस. ते वाचूनच मी कागद मिटला. माझं औषध कुठं, तर मागच्या पानावर, पार तळाला, मुंगीएवढ्या अक्षरात."

फोनमधला आवाज बाहेर ऐकू येत होता. सहलवाला खाली बघत होता.

"परत लिव," ती म्हणाली. "औषध वर घे. शिव्या मागनं, जागा उरली तर."

मी फोन ठेवला. सहलवाल्याने ड्रॉवरमधून कोरा कागद काढून माझ्यापुढे सरकवला. लाल पेन बाहेर आलं नाही. त्याच्या समोरच बसून मी औषधाची ओळ सगळ्यात वर लिहिली, जाड अक्षरात, खाली दोन रेघा मारून. मग बोटींची, मग अंधाराची, मग प्रवाळाची.

जागा उरली होती. तिथे मी लिहिलं, 'ही पहिली सूचना मागच्या सहलीत मुद्दाम गाळली होती.' त्याने ते वाचलं, मान हलवली आणि कागद छापखान्यात पाठवला. ती ओळ माझ्या मापाने फारच सौम्य होती.