पुलाच्या नावाने आलेली खडी

त्या देशाचं नाव मी इथे लिहिणार नाही. तो आफ्रिकेत आहे, एके काळी युरोपातल्या एका देशाची वसाहत होता आणि त्याच्यावर मी पदवीच्या शेवटच्या वर्षाचा प्रबंध लिहिला, एवढं पुरे. नाव का लिहीत नाही ते पुढे कळेल.

प्रबंधाचा विषय सांगताना मला अजूनही जरा ओशाळल्यासारखं होतं, कारण तो माझ्या वयापेक्षा फार मोठा वाटतो. त्या देशातल्या राजकीय फसवणुकीचा इतिहास. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. वडील यंत्रमागावर, आई कांड्या भरते. सिंगापूरच्या विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा गल्लीत सगळे धरून चालले होते की मी इंजिनिअर होणार. इतिहास घेतला म्हटल्यावर वडील फोनवर म्हणाले, "त्यात पण नोकरी असेल की." ती असते की नाही हे मला तेव्हा माहीत नव्हतं. एवढंच माहीत होतं की प्रबंधाला पहिला वर्ग मिळाला तर एम.ए.ची फी माफ होईल आणि मी इथेच शिकेन. नाही मिळाला तर स्टुडंट पास, म्हणजे विद्यार्थ्याचा व्हिसा, संपला की परत.

मी सिंगापूरच्या क्लेमेंटी भागात एका मराठी कुटुंबाच्या फ्लॅटमधल्या मागच्या खोलीत राहायचे. खोलीत दोन पलंग. दुसऱ्या पलंगावर त्याच देशातली एक मुलगी. तो देश मी निवडला तोच तिच्यामुळे. ती माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी, केमिकल इंजिनिअरिंगमध्ये एम.एससी. करत होती. त्या वर्षी तिचं प्रोजेक्ट जुरोंग आयलंडवरच्या एका प्लांटमध्ये होतं. सकाळी गळ्यात पास अडकवून कंपनीच्या बसला पळायची आणि संध्याकाळी आली की बूट न काढताच पलंगावर आडवी व्हायची. मीही लायब्ररीतून तशीच आलेली असायचे. आमची मैत्री बरीचशी अशी, दोन दमलेल्या माणसांची.

घरमालकीण काकूंना माझ्या विषयाची मोठी गंमत वाटायची. "फसवणुकीचा इतिहास? मग त्यासाठी आफ्रिकेत कशाला जायचं गं? आमच्या पुण्याच्या बिल्डरवर लिही की. आमचा मुलगा बालवाडीत होता तेव्हा ताबा देणार होता, आता ह्याचं एन.एस. आलं, लष्करात जायची वेळ झाली." मुलगा आतून ओरडला, "मम्मी, everybody knows already lah." मग काकू माझ्या रूममेटकडे बघून हळहळल्या. "भोळी असतात गं तिकडची माणसं. कुणीही यावं नि टोपी घालावी."

"काय म्हणतायत?" तिने मला इंग्रजीत विचारलं.

"म्हणतायत की तुमचे लोक चटकन विश्वास ठेवतात."

"असं?" ती म्हणाली, आणि पोळीचा तुकडा मोडत नुसती हसली. त्या हसण्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही.

माझं काम असं होतं. सुरुवात एका करारापासून. तो तिथल्या सरदाराला वाचून दाखवताना मैत्रीचा होता आणि कागदावर जमिनीचा. मग महायुद्धात नेलेले सैनिक. त्यांना शेती कबूल केली होती, परत आल्यावर काहींना सायकली मिळाल्या. मग स्वातंत्र्य. गोऱ्यांच्या जमिनी वाटू म्हणाले, आणि वाटल्या, मंत्र्यांच्या मेव्हण्यांना. आणि त्यानंतर पूल. एका मोठ्या नदीवर एक पूल होणार होता. तो प्रत्येक निवडणुकीच्या आधी होणार असायचा. लायब्ररीतल्या पडद्यावर जुनी वर्तमानपत्रं बघताना मला तेच वाक्य पुन्हा पुन्हा दिसायचं. फक्त मंत्र्याचा फोटो बदलायचा, किंवा तोच मंत्री जाड झालेला असायचा. खाली नाचणाऱ्या बायका आणि ओळ: हर्षभरित जनता.

खोटं वाचून माणूस चिडत असेल असं मला आधी वाटायचं. मी चिडले नाही, दमले. खोटं बोलणारे निदान काही नवीन तरी बोलतील, अशी अपेक्षा उरली होती, तीही गेली.

एका रविवारी सकाळी आम्ही दोघी स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेरच्या बांबूंवर कपडे वाळत घालत होतो. बांबू ओल्या कपड्यांनी जड होतो, म्हणून एकीने धरायचा आणि दुसरीने चिमटे लावायचे.

"कुठवर आलीस?" तिने विचारलं.

"पुलापर्यंत."

ती मोठ्याने हसली. "आमचा पूल!" तिच्या आईचं गाव त्याच नदीच्या काठी आहे हे मला तेव्हा कळलं.

मी जरा चाचरत विचारलं, "तुझ्या आईला दर वेळी खरं वाटायचं का?"

"काय?"

"की पूल होणार."

"वेडी आहेस का? ती नदी माझ्या आईने पावसाळ्यात पाहिलीय. मंत्र्याने कुठे पाहिलीय?"

मग ती सांगायला लागली. निवडणुकीच्या आधी ट्रक भरभरून खडी यायची आणि काठावर ढीग लागायचे. मंत्री यायचा, भाषण व्हायचं, बायका नाचायच्या. निवडणूक झाली की खडी परत न्यायला ट्रक यायचे, पण तोवर अर्धी उरलेली असायची. कुणाचं अंगण झालं, कुणाच्या घरातली जमीन झाली, चर्चच्या पायऱ्या झाल्या. "आमचं स्वयंपाकघर एका निवडणुकीतलं आहे आणि अंगण पुढच्या. आदल्या रात्री बायका एकमेकींना बजावतात, नीट नाचा गं, नाच चांगला झाला की पुढच्या खेपेला खडी जास्त येते."

"आणि पक्षाचा माणूस विचारत नाही, खडी कुठे गेली?"

"विचारतो. पुरात वाहून गेली म्हणतात."

"त्याला पटतं?"

"त्याला पण अंगण आहे," ती म्हणाली.

माझ्या हातातला बांबू तिरका झाला आणि काकूंचा एक टॉवेल खालच्या मजल्यावरच्यांच्या बांबूवर जाऊन पडला. माझा सगळा प्रबंध उलटा झाला होता. इतके महिने मी फसवलेल्या लोकांबद्दल वाचत होते आणि ते लोक फोटोत नाचताना एकमेकींना डोळे मारत होते. मी म्हटलं, "हे मला लिहायचंय. तुझ्या आईशी फोनवर बोलू दे. हाच माझा शेवटचा भाग."

तिचं हसू गेलं. "नाही."

"नाव नाही घालणार."

"नदी घातलीस ना? तिच्यावर पूल किती व्हायचे होते? एकच. त्या काठावरून शिकायला सिंगापूरला किती मुली आल्या? तुझा प्रबंध इंटरनेटवर जाणार. दुष्काळात मका कुणाला द्यायचा ते पक्षाचा माणूस ठरवतो. माझी आई एकटी आहे. वरच्यांना वाटतं आम्ही फसतो, तोवर मका येतो. बायका आपल्याला हसतात हे त्यांना कळलं तर पहिली गोष्ट ते काय बंद करतील?"

मी तिरका झालेला बांबू सरळ केला.

"शब्द दे," ती म्हणाली. मी दिला. कुणाला सांगणार नाही, म्हणजे कुणालाच नाही.

तरी मी प्रयत्न केला, नाही असं नाही. माझ्या गाइडना विचारलं, लोक फसले नव्हतेच असं म्हणता येईल का? त्या थांबल्या, त्यांना ते आवडलं असावं. "येईल. पुरावा काय?" मी खाली बघितलं. "वाटतं" एवढंच म्हणाले. "वाटणं चांगलं आहे," त्या म्हणाल्या, "पण प्रबंधात ते कुठे लावणार?" मग मी पुन्हा सगळी वर्तमानपत्रं चाळली. कुठे तरी खडी चोरीला गेल्याची एखादी बातमी असेल, कुणी बाई काही बोलली असेल. काही नव्हतं. गुपित इतकं चांगलं राखलं होतं की माझ्यासाठी फटच ठेवली नव्हती.

त्याच आठवड्यात आईला फोन केला. आमच्या गल्लीत गेल्या निवडणुकीआधी पाण्याचे मोठे पाईप आणून टाकले होते आणि नंतर उचलून नेले होते. मी विचारलं, "आई, पाईप आले तेव्हा तुला खरं वाटलं होतं का?"

"कशाचं?"

"पाणी येणार म्हणून."

"मी काय दुधखुळी आहे का?"

"मग मत का दिलंस त्यांना?"

"अगं, पाईप टाकायचे म्हणून गटार उपसली ना. किती वर्षांनी उपसली! पाणी नाही तर नाही, वास तरी गेला. आणि दुसरे आले असते तर ते काय पाणी देणार होते?"

"हे मी लिहू का माझ्या अभ्यासात?"

"लिही की. माझं कोण काय वाकडं करणार आहे?"

मी ते गाइडना सांगितलं. तळटीपेत घालता येईल का, तुलनेसाठी? त्या अगदी मायेने हसल्या. "तुझी आई त्या देशात मतदान करत नाही." खरंच होतं. जिला विचारायला परवानगी होती ती चुकीच्या देशात होती.

शेवटी मी प्रबंध दिला तो आधी ठरला होता तसाच. करारापासून पुलापर्यंत, शंभरेक वर्षं, एक जण फसवतो आणि बाकीचे फसतात. तळटिपा बिनचूक होत्या. लिहिताना मला ठाऊक होतं की शेवटचा भाग खोटा आहे. निकाल लागला, दुसरा वर्ग. परीक्षकांनी एका ओळीत लिहिलं होतं की मांडणी काटेकोर आहे, पण यातली सामान्य माणसं फार भोळी वाटतात.

मी ते रूममेटला दाखवलं. ती बूट न काढता आडवी झाली होती. तिने दोनदा वाचलं.

"सॉरी," ती म्हणाली. "तुझी फी."

"असू दे."

"पण खरंच आम्ही यात अगदी मूर्ख दिसतो." मग डोळे मिटून म्हणाली, "बरं आहे. दिसू दे."

आता ती तिच्या देशात नाही, तिची आईही त्या गावात राहत नाही. हे लिहायच्या आधी मी तिला विचारलं. ती म्हणाली, "तुझ्या भाषेत लिही. पण हल्ली यंत्रं सगळंच वाचतात, म्हणून बदल." तसं बदललंय. पूल होता की दुसरं काही, आणि खडीच्या जागी खरं काय यायचं, ते मी सांगणार नाही.

निकालाच्या दिवशी घरी फोन केला तेव्हा वडील मागावर होते. आईला पहिला आणि दुसरा वर्ग यातला फरक समजावून सांगायला वेळ लागला.

"नापास नाहीस ना?"

"नाही. पण आता परत यावं लागेल."

"ये की. घर काय कुठे गेलंय?" मग तिने आवाज उतरवून विचारलं, "पण कमी काय पडलं गं? इतका अभ्यास केलास."

"लोक नीट दाखवता आले नाहीत."

"कुठले लोक?"

"तिकडचे. त्या देशातले. त्यांना काय वाटत होतं ते लिहिता आलं नाही."

"अगं मग त्या मुलीला विचारायचं होतंस," आई म्हणाली. "एका खोलीत झोपता दोघी. ती तिकडचीच ना? तुला एवढं सुचलं नाही?"

पलीकडच्या पलंगावर ती पाठ करून झोपली होती. तिला मराठी कळत नव्हतं.

"हो गं," मी म्हटलं. "राहूनच गेलं."