दुपट्यासकट वजन

इंटर्नशिपच्या वर्षी ऐन हिवाळ्यात माझी नांदेडहून उदगीरजवळच्या एका छोट्या रुग्णालयात रवानगी झाली, आणि तिथे माझ्या गळ्यात एक पाहुणी पडली. टांझानियाची, माझ्याच वयाची, डॉक्टरकी शिकणारी. दोन महिने स्वखुशीने काम करायला आली होती. तिला मराठी येत नव्हतं, म्हणून दुभाषी मी. आधीच कामाचा ढीग, त्यात ही शेपूट, असं मला वाटायचं आणि ते माझ्या तोंडावर दिसायचंही.

सकाळी आठला ती सिस्टरांच्या स्कुटीवरून उतरायची. हातात एक जाड वही. राउंड सुरू झाला की वही उघडलीच. बाळाच्या टाळूवर एवढं तेल कशाला? बाळंतिणीच्या कानाला रुमाल का बांधतात? डबा एक आणि सोबत माणसं पाच का? मी अर्ध्याअधिक प्रश्नांना ‘तशी पद्धत आहे’ म्हणून मोकळी व्हायची. ती तेवढंच लिहून घ्यायची आणि दुपारी पुन्हा विचारायची, की पद्धत कशावरून पडली? मला कुठे माहीत होतं!

आठवड्याभरात तिचं माझ्यावाचून अडेनासं झालं. ‘हाव’, ‘न्हाई’ आणि ‘लई’ या तीन शब्दांवर ती अख्खा वॉर्ड फिरून यायची. चहाच्या वेळी मला माझ्याच माणसांबद्दल काहीतरी नवीन सांगायची. हे जरा झोंबायचं. पण एव्हाना मलाही तिच्या वहीत डोकावावंसं वाटू लागलं होतं.

तान्ह्या बाळांची वजनं करणं हे माझं रोजचं काम. आमच्याकडे बाळ चारचौघांत उघडं करत नाहीत, दृष्ट लागते. शिवाय त्या वर्षी गारठाही मरणाचा होता. म्हणून बाळ दुपट्यासकट काट्यावर ठेवायचं आणि दुपट्याचे म्हणून दोनशे ग्रॅम वजा करायचे, असा रिवाज पडून गेला होता. माझ्या घरीही बाळ झाकूनच ठेवतात, त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

खिडकीजवळच्या खाटेवर कर्नाटकाच्या सीमेलगतच्या गावची एक बाळंतीण होती, सोबत तिची सासू. वीस दिवसांची मुलगी दूध नीट ओढत नव्हती म्हणून दाखल केलेली. आजी तिला ‘कूसू’ म्हणायची. कानडीत बाळाला तसं म्हणतात. वजन वाढलं की घरी सोडायचं ठरलं होतं, आणि वजन रोज वाढत होतं. पाचव्या दिवशी मी ऐटीत सरांपुढे तक्ता धरला. सरांनी ‘उद्या सुट्टी’ लिहिलं.

त्याच दुपारी पाहुणीने मला बाही धरून त्या खाटेशी नेलं. बाळंतीण लंगोट बदलत होती. बाळाच्या कमरेचा काळा करदोडा घसरून मांडीवर आला होता. पाहुणीने त्याच्याकडे बोट दाखवलं.

“मी बी तेच म्हनून राहिले, माय,” आजी म्हणाली. “पाचवीला बांधला तवा बराबर हुता. पर तुमचा काटा वाढलं म्हनतोय. मंग म्या गप बसले.”

“दोरा भिजून सैल पडला असेल,” मी पाहुणीला फटकन बोलले. “काटा आहे ना आपल्याकडे. दोऱ्याचं काय घेऊन बसलीस?”

पाहुणी चिडली नाही. तिच्या गावीही बाळांच्या कमरेला दोरा बांधतात, म्हणाली. बाळ जरा मलूल दिसलं, की तिची आई आधी त्या दोऱ्यात बोट घालून बघते. मग तिने बाजूला पडलेले बाळाचे कपडे एकेक करून उचलले. “दोरा या सगळ्याच्या आत आहे,” ती म्हणाली.

मी ढीग पाहिला. झबलं, टोपडं, दुपटं, जुन्या लुगड्याच्या तीन घड्या आणि वर शालीचा तुकडा.

“आजी, पहिल्या दिवशीही एवढंच होतं?”

“न्हाई वं. थंडी लई वाढली न्हवं का? रोज एकेक वाढवून राहिले.”

पाच दिवस मी आजीच्या लुगड्याचं वजन लिहीत होते.

उघडं करायला आजी तयार होईना. पाहुणीने खांद्यावरचं फुलाफुलांचं कापड सोडलं आणि आम्ही दोघींनी आडोसा धरला. आजीने बाळाच्या गालाला काजळाची तीट लावली. थोडा विचार केला आणि काट्यालाही एक लावली. मग बाळ ठेवलं. जन्माच्या कार्डावर होतं त्यापेक्षाही वजन कमी भरलं.

मी सरांकडे गेले आणि चूक माझी आहे असं सांगितलं. ते रागावले, आणि रास्तच रागावले. सुट्टी रद्द झाली. त्या दिवसापासून दर दोन तासांनी आईचं दूध काढून वाटी-चमच्याने पाजायचं, मोजून. दिवसा मी आणि पाहुणी आळीपाळीने बसायचो. पहिले तीन दिवस काटा हलेना. मी राउंडमध्येही मान वळवून त्या खाटेकडे बघायची. आजीने मला एका शब्दानेही बोल लावला नाही, आणि त्याचीच मला जास्त लाज वाटायची. ते लेकरू पार खेड्यात गेलं असतं, माझ्या तक्त्याच्या भरवशावर.

पाहुणी जायच्या आदल्या दिवशी मी बाळाचं उघडं वजन करून तक्त्यावर लिहीत होते. वाढलेलं होतं. आजीने हाक मारली.

“कागद ऱ्हाऊ दे, माय. इकडं ये. बोट घालून बघ.”

मी करदोड्यात बोट घालायला गेले. जाईना. करंगळी घालून पाहिली, तीही शिरेना. दोरा कमरेला घट्ट बसला होता आणि त्याच्या वर पोटाची इवलीशी वळी आली होती. पाहुणीने वही मिटली आणि मला जवळ ओढलं. मी सगळ्या वॉर्डासमोर हुंदके देऊन रडले. आजी तोवर बाळंतिणीला सांगत होती, की नवा दोरा आणायला लागणार.