सिस्टरचा दोन आकडी अहवाल

गर्भपात हा शब्द मी पहिल्यांदा मोठ्यानं उच्चारला तो नोकरी लागल्यावर. लातूरच्या आमच्या इंग्रजी शाळेत तो धडा 'घरी वाचा' म्हणून सोडून दिला होता, आणि घरी तो कुणी वाचणं शक्य नव्हतं. मग नांदेडला आरोग्य खात्याच्या एका कार्यालयात कंत्राटी डेटा एन्ट्री ऑपरेटर झाले, आणि टेबल मिळालं ते नेमकं गर्भपाताच्या आकड्यांचं. घरी वडिलांना, अप्पांना, सांगितलं, "कॉम्प्युटरचं काम आहे." ते खोटं नव्हतं.

कागदावर काम सोपं होतं. मान्यता असलेल्या प्रत्येक दवाखान्यानं महिन्यात किती गर्भपात केले ते कळवायचं, मी ते पोर्टलवर भरायचं, आणि तिथून बेरीज होत होत दिल्लीत देशाचा आकडा तयार व्हायचा. प्रत्यक्षात महिन्याच्या सुरुवातीला फोन यायचे. "मॅडम, निरंक." बस. निरंक म्हणजे शून्यच, पण इस्त्री केलेलं. एका डॉक्टरांनी तर सही-शिक्क्यासकट वर्षाचे बारा निरंक अहवाल जानेवारीतच आणून दिले होते. "दर महिन्याला माणूस कुठं पाठवू? तारीख तेवढी टाकत जा." त्यांच्याच दवाखान्याखालच्या मेडिकलात त्या गोळ्यांची पाकिटं टिकत नाहीत, हे शेजारच्या टेबलावरच्या काकूंना माहीत होतं, मला माहीत होतं. पोर्टलला माहीत नव्हतं, कारण पोर्टलवर मेडिकलचा रकाना नाही.

या सगळ्यात मुखेडच्या पुढच्या एका सरकारी दवाखान्यातल्या सिस्टर तेवढ्या खरा अहवाल पाठवायच्या. दोन आकडी. वयाप्रमाणे, आठवड्यांप्रमाणे, बेरीज जुळलेली. तो भरला की बाकीच्यांपेक्षा फारच वेगळा म्हणून स्क्रीनवर रकाना लाल व्हायचा, आणि साहेब फक्त लाल रकाने बघत.

"बाकी सगळ्यांचं निरंक अन् हिच्याकडंच एवढे?" साहेब म्हणाले. "काय चालवून राहिली ही बाई?"

"सर, बाकीचे कदाचित..." मी म्हणाले. पुढचं घशात राहिलं. माझी बरीच वाक्यं तिथंच राहतात.

"तुम्ही जा. रजिस्टरमधून बायकांची नावं-पत्ते उतरवून आणा, आपण फोन लावून खात्री करू. नावं देत नसेल तर आकडा दुरुस्त करून घ्या."

दुरुस्त म्हणजे निरंक, हे वेगळं सांगावं लागलं नाही.

एसटीनं पोचले तेव्हा सिस्टर जेवत होत्या. पन्नाशी ओलांडलेल्या. मी का आले ते अडखळत सांगितलं. त्यांनी अर्धी भाकरी माझ्याकडं सरकवली.

"नावं पायजेत? कशाला, लग्नाच्या पत्रिका धाडायच्या हायत का सायबाला?"

"खात्री करायची म्हणतात."

"फोन कोण उचलंल घरात? सासू उचलंल." त्या हसल्या नाहीत. "हे बघ बाई, तुमच्या हापिसात आमच्या गावची दोन माणसं हायत. यादी टेबलावर पडली की बाजाराच्या दिवशी गावात. मग एक बाई हितं यायची न्हाई. मेडिकलातनं गोळ्या आणतील, मापात खातील न्हाईतर बिनमापात. रक्त थांबलं न्हाई की मग येतील, रिक्षात आडवं घालून. मागच्या साली एकीचं तसंच झालं हुतं."

रजिस्टर कपाटात होतं. किल्ली त्यांच्या गळ्यात, मंगळसूत्राबरोबर.

"तूच सांग. निरंक लिहून देऊ? सोपं हाय. सायेब खूष, तू खूष."

मला खरंच सोपं वाटलं होतं, येताना बसमध्ये. मी म्हणाले, "नको. आहे तोच राहू द्या."

"मग सायबाला काय सांगशील?"

परतीच्या बसमध्ये मला आठवलं, पोर्टलवर गर्भपाताच्या कायद्याचे नियमही आहेत.

दुसऱ्या दिवशी लवकर जाऊन ते छापून घेतले. इंग्रजीत होते. साहेबांनी हात पुढं केला. "यादी?"

"नाही आणली, सर."

"म्हणजे?"

मी कागद धरला आणि वाचायला लागले. ते रजिस्टर गुप्त, त्यातली नावं कुणाला सांगायची नाहीत, असं त्या ओळींत होतं. मराठीत सांगितलं असतं तर मी दुसऱ्या शब्दावर थांबले असते, आणि साहेबांनी तिसऱ्यावर थांबवलं असतं. इंग्रजीत आमच्या कार्यालयात कुणी कुणाला अडवत नाही. काकूंनी टायपिंग थांबवलं. शिपाई चहा घेऊन दारातच उभा राहिला.

"हे आधी सांगायचं ना," साहेब म्हणाले. "मग आता लाल रकान्याचं काय करायचं?"

"शेरा लिहिते, सर. आकडा बरोबर आहे."

"एवढंच? वरचे काय म्हणतील?" त्यांनी विचार केला. "जनजागृतीमुळे वाढ, असं लिहा."

लिहिलं. तिमाही बैठकीत पडद्यावर आमची बेरीज आली. ती सिस्टरच्या बेरजेएवढीच होती, एकानंही कमी-जास्त नाही. जनजागृतीबद्दल साहेबांचं अभिनंदन झालं. बारा महिन्यांचे अहवाल आगाऊ देणाऱ्या डॉक्टरांना वेळेत माहिती दिल्याबद्दल प्रमाणपत्र मिळालं.

पुढच्या महिन्यात सिस्टरचा फोन आला. आकडे सांगून झाल्यावर म्हणाल्या, "मागच्यापेक्षा एक जास्त हाय बघ. पार किनवटाकडनं आली. हितं नाव बाहेर जात न्हाई म्हणून कुणी सांगितलं म्हणं तिला."

मी आकडा भरला. रकाना लाल झाला.

"झालं का?" त्यांनी विचारलं.

"झालं."

"मग ठेव. बाहेर बाया बसल्यात."