ईश्वर सरले इचारा

शहाद्याच्या एका कॉलेजात संगणकांची देखभाल ईश्वर सरांकडे. आपल्याशिवाय तिथलं पान हलता कामा नये, हा त्यांचा खाक्या. कमांडचं मॅन्युअल, म्हणजे ती कशी वापरायची ते सांगणारं पान, मशीनने कुठल्या फोल्डरांत, कुठल्या क्रमाने शोधायचं, त्या यादीला म्हणतात मॅनपाथ. सरांनी तिच्यात स्वतःचं फोल्डर सगळ्यात वर घातलं. आत प्रत्येक कमांडच्या नावाचं पान, आणि पानावर एकच ओळ: ‘ईश्वर सरले इचारा.’ झालं! सरांचा भाव असा वधारला, की प्राचार्यसुद्धा चहा पाजून शंका विचारू लागले.

परवा तपासणी समितीसमोर बॅकअप घेताना सरांना कमांड कशी लिहायची तेच आठवेना.

“मॅन्युअल उघडा की,” समितीच्या बाई म्हणाल्या.

घाईघाईत सरांनी उघडलं. मोठ्या पडद्यावर तीच ओळ झळकली.

“मग विचारा ना,” बाई म्हणाल्या. “कुठे बसतात हे ईश्वर सर?”