मोडण्यासाठी केलेलं जेट

एरंडेल जळताना जो गोडसर, दाट वास येतो, त्यात औषधाचा मागमूसही नसतो. कार्तिकातल्या कलत्या दुपारी, गवत कापून झालेल्या सड्याच्या उबेत आणि समुद्राकडून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्यात तो मिसळला, की कुठल्या तरी अनोळखी देवापुढे धूप जळतो आहे असं वाटे. ऐंशीच्या दशकातल्या एका हिवाळ्यात, रत्नागिरीबाहेरच्या त्या कातळी पठारावर, आमच्या सड्यावर, मी आणि माझा थोरला भाऊ खेळातल्या विमानाच्या इंधनात मिसळलेल्या एरंडेलाचा तो धूर अंगावर घेत सूर्य समुद्राला टेकेपर्यंत उभे असायचो.

दादा मालवाहू बोटीवर रेडिओ ऑफिसर होता. आधी त्याला रात्रीचं दिसेनासं झालं. मग दिवसाही दृष्टीचं वर्तुळ कडेकडेनं आवळत गेलं, आणि डॉक्टरी तपासणीत ते उघड झाल्यावर बोट सुटली. घरी येताना त्यानं जमिनीवरून रेडिओच्या लहरींवर चालवायचं, खेळातलं एक जेट आणलं होतं. परदेशातल्या बंदरात घेतलेलं, पिसासारख्या हलक्या लाकडाचं, चंदेरी, फार देखणं. सड्यावर त्यानं ते एकदाच उडवलं. वर चढलेलं विमान त्याच्या आक्रसलेल्या नजरेतून निसटलं, ते हवेत त्याला पुन्हा दिसलंच नाही. इंधन संपून ते आपसूक गवतात उतरलं, हे केवळ नशीब. त्या दिवशी त्यानं ते जुन्या धोतरात गुंडाळून कपाटावर ठेवलं आणि पुढे कितीतरी दिवस तो ओटीवर नुसता बसून राहिला. त्याच्या त्या बसण्यानं आमच्या घरातला उजेडच जणू उणावला.

मी नुकतीच कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवू लागले होते. एका रविवारी ओटीवर त्याच्या शेजारी बसून म्हटलं, "दादा, मला शिकव. मी उडवीन."

"मोडशील गो."

"मोडेन."

अनेक आठवड्यांत प्रथमच तो थोडा हसला आणि म्हणाला, "मग आधी मोडण्यासाठीच एक करूया."

अशा रीतीनं ते दुसरं, गरिबाघरचं जेट जन्माला आलं. शेजाऱ्यांच्या नव्या टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल, परसातल्या बांबूच्या कामट्या, नाकासाठी पांगाऱ्याचं हलकं लाकूड आणि त्या साऱ्यावर तांदळाच्या खळीनं चिकटवलेला वर्तमानपत्राचा कागद. नाकावर दादाजवळचं जुनं, लहानसं इंजिन आणि पंखा. म्हणजे खरं जेट ते नव्हतंच. पण त्रिकोणी पंख पसरून ते अंगणात वाळत पडलं की जेटच्या सावलीसारखं दिसे. कापणं माझ्याकडे, चाचपणं दादाकडे. त्याची बोटं पंखाच्या कडेवरून फिरत आणि कुठे थांबत, तिथे मी पुन्हा घासत असे. विमानात बसवायचा, लहरी झेलणारा रेडिओ मात्र एकच होता, चंदेरी विमानातून काढलेला. कापसाचे दोन-दोन थर लपेटून मी तो आत ठेवला. तो फुटला असता, तर सगळंच संपलं असतं.

सड्यावर दादा वाऱ्याला गाल देऊन उभा राही, दिशा ठरवी आणि विमान नेमकं वाऱ्यात भिरकावी. पुढचं सारं माझ्या हातातल्या रेडिओच्या पेटीवर, तिच्या दोन दांड्या हलवणाऱ्या माझ्या अंगठ्यांवर. दूर जाणारं विमान माझं ऐके. पण वळून माझ्याकडे येऊ लागलं की त्याचं डावं ते माझं उजवं होई, मन आणि हात यांची गाठ सुटे आणि ते जेट गवतात नाक खुपसून पडे. मी तुकडे ओच्यात गोळा करून आणी. आई दारातच म्हणे, "अगो, आज तरी अख्खं आणायचंस!" आणि आत जाऊन चुलीवर खळ शिजत ठेवी.

कॉलेजात मी सापेक्ष गती फळ्यावर शिकवत होते, आणि सड्यावर ती मला रोज पाडत होती. अखेर दादानं सांगितलं, "विमान समोरून येताना डावं-उजवं विसर. जो पंख खाली कलेल, त्याच्याखाली हात द्यावा तशी दांडी त्याच बाजूला ढकल." मी तेवढंच घोकत राहिले, पडत राहिले, चिकटवत राहिले. आणि पौषातल्या एका संध्याकाळी ते विमान समुद्राच्या अंगानं वळलं, उन्हात नहात सरळ माझ्या अंगावर आलं, डोक्यावरून गेलं, पुन्हा वळलं. पडलं नाही. "आवाज चढलाय, खाली झुकतंय, नाक वर घे," एवढंच दादा म्हणाला.

त्यानंतर काही दिवसांनी, विमान उंचावर स्थिर असताना, त्यानं हात पुढे केला.

"दे इकडे."

"तुला दिसणार नाही, दादा."

"मोडण्यासाठीच केलंय ना?"

मी पेटी त्याच्या हातात दिली. "डावीकडे... थोडं वर..." मी सांगत गेले, तो ऐकत गेला. मग तो हळूच म्हणाला, "आता जरा बोलू नकोस."

गप्प राहणं इतकं अवघड असतं, हे मला तेव्हाच कळलं. खाली कातळ होता, आत एकुलता एक रेडिओ होता, आणि ओठांवर आलेला प्रत्येक शब्द मी गिळत होते. विमान रुंद, थोडी डगमगती वर्तुळं घेत होतं. दादाचा चेहरा विमानाच्या आवाजामागे वळत होता; आणि आवाज पोहोचायला क्षणभर उशीर होतो, म्हणून विमान नुकतंच जिथून पुढे गेलेलं असे, आकाशातल्या त्या मोकळ्या जागेकडे तो पाहत असे, अपार आनंदानं. ते त्याला सांगावं, असं मला वाटलं नाही.